आखूड 'येते', लांब 'येते'

फोन ठेवताना आपल्याकडं बाई "ठेवते" म्हणते. "चल, ठेवते", "बरं, ठेवू का मग", असंच काहीतरी. त्या दुपारी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाली, "बरं, येतेऽऽ." फोन बंद झाला. मी शाळेच्या कोर्टवर शिट्टी हातात धरून उभी होते. समोर सातवीच्या पोरी बॉल आपटत होत्या.

दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण मी आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची गार्ड होते आणि ती आमची पिव्होट. तिच्या 'येते'चे दोन अर्थ होतात, हे तिच्यापेक्षाही मला जास्त ठाऊक आहे. त्यातला कुठला तिनं वापरला हे ध्यानात आलं आणि मी घाबरले.

का घाबरले, ते सांगते.

बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणजे बुटकी, चपळ आणि तोंडाळ खेळाडू. बॉल वर न्यायचा, कोण कुठं मोकळी आहे ते बघायचं आणि सतत ओरडायचं. या तिन्ही अटी मी जन्मतःच पूर्ण करत होते. पिव्होट म्हणजे रिंगखाली उभी राहणारी उंच खेळाडू. ती देवगाव रंगारीची, शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या दारात वाकून आत शिरताना सरांनी तिला पाहिलं आणि त्याच संध्याकाळी कोर्टवर उभं केलं. बॉलला हात लावायच्या आधी तिनं तो ओढणीनं पुसला होता. मी हसले. ती पण हसली. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

मी बजाजनगरची. वडील वाळूजला कंपनीत. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हारा काढला तेव्हा त्याच्याबरोबर शकुन-अपशकुनही उंबऱ्याबाहेर ठेवले होते. वडील शिफ्टला निघताना खणखणीत आवाजात "जातो" म्हणायचे. शेजारच्या काकू कळवळून म्हणायच्या, "अहो, येतो म्हणावं." वडील बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचे, "शब्दानं माणूस मरत असता तर कंपनीनं आम्हाला हेल्मेटं कशाला वाटली असती, वहिनी?"

तिच्या घरी बरोबर उलटं. 'जाते' हा शब्दच घरात नाही. शेतात निघाली तरी "येते", विहिरीवर निघाली तरी "येते". हॉस्टेलात रांगेतून आंघोळीला गेली तरी खोलीत सांगून जायची, "येते गं."

आता आमच्या सरांचा नियम असा होता की पळणाऱ्या खेळाडूनं आवाज द्यायचा. सर संभाजीनगरच्या जुन्या शहरातले, निम्मं हिंदीत बोलणारे. म्हणायचे, "बॉल लेने आ रही तो 'येते' बोलो, रिंग को जा रही तो 'जाते' बोलो. गार्ड के पीठ पे आँख नहीं है." नियम सोपा होता. सगळ्यांना जमला. तिला जमला नाही.

सरांनी तिला मधोमध उभं केलं. "बोल, जाते." ती गप्प. "बोल ना गे!" ती खाली मान घालून उभी. सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ती पळून आली, गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ धापा टाकत राहिली, आणि पुन्हा रिंगकडं सुटली तेव्हा ओरडली, "येतेऽऽ!" सरांनी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी मी तिला झापलं. "एक शब्द म्हणायला काय जातं गं तुझं?"

"आमच्यात नाय म्हणत."

"कोर्टवर कोण ऐकतंय तुझ्या घरचं?"

"कोर्टवरून बी घरीच जायचं असतं ना मला," ती म्हणाली.



पण माझं काम तिला सुधारायचं नव्हतं, तिच्या हातात बॉल पोचवायचं होतं. म्हणून मी कान लावला. थोड्या दिवसांत मला कळलं की तिचे 'येते' दोन आहेत. बॉल घ्यायला माझ्याकडं येत असली की आखूड म्हणते, टाळी वाजवल्यासारखं: "येते!" आणि मला सोडून रिंगकडं जात असली की लांब, दारातून पाय काढताना म्हणतात तसं: "येतेऽऽ." तिला स्वतःला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाली, "जा गं, काहीबी."

त्यानंतर आमची जोडी जमली ती अशी जमली की बघत राहावं. समोरच्या टीमची पोरगी 'येते' ऐकून पुढं सरकायची आणि ही तिच्या मागून रिंगखाली. मी न बघता बॉल फेकायचे. सर दुसऱ्या कॉलेजच्या सरांना फुशारकीनं सांगायचे की हे सगळं त्यांनी शिकवलंय. सांगू देत बापडे.

एकच गोष्ट सरांना खटकायची. शेवटच्या क्वार्टरमध्ये ती ढेपाळायची. "कायकू रुकी गे? खाती तो है बराबर!" ते ओरडायचे. आम्हालाही ती थोडी आळशीच वाटायची. एवढा उंच देह ओढायचा तर दम लागणारच, असं ती स्वतःच म्हणायची आणि हसायची. आम्ही सगळ्या विशीच्या आतबाहेरच्या. दम लागणं म्हणजे सराव कमी, यापलीकडं आमची अक्कल जात नव्हती.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला आम्ही पोचलो तेव्हा तिच्या घरून निरोप आला. तिच्या थोरल्या भावाचा. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव आलं तर शीक पुढं, नाही तर आता बास. स्थळं यायला लागली आहेत. तिनं हे मला मॅचच्या आदल्या दिवशी सांगितलं, बुटाला खडू चोळता चोळता, दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखं. मला झोप लागली नाही. ती घोरत होती.

फायनल पत्र्याच्या हॉलमध्ये होती. समोरच्या कॉलेजची पोरं ढोल घेऊन आली होती. पत्रा, ढोल आणि शिट्ट्या, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. सुरुवातीला ती पेटून खेळली. निवड करणारे लोक समोरच खुर्च्या टाकून बसले होते आणि तिच्याकडं बोट दाखवून काहीतरी लिहून घेत होते, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग शेवटचा क्वार्टर आला. टाइम-आउटला ती बाकावर बसली नाही, उभ्यानंच वाकून राहिली. तिचे ओठ जांभळट दिसत होते. "काय गं, जांभळं खाऊन आलीस का?" मी म्हटलं. ती हसली. हसायलाही तिला वेळ लागला.

आम्ही एका गुणानं मागं होतो. बॉल माझ्या हातात. शेवटची चाल. माझ्या अंगावर त्यांची गार्ड चिकटलेली, ढोल कानात, आणि तेवढ्यात तिचा आवाज आला. "येते!"

आखूड.

मी बॉल माझ्यासमोरच्या रेघेजवळ टाकला, जिथं ती यायला हवी होती. ती तिथं नव्हती. ती रिंगकडं गेली होती, हात वर करून, एकदम मोकळी. बॉल रिकाम्या जागेत आपटला आणि त्यांच्या पोरीनं उचलला. मॅच संपल्याची शिट्टी झाली.

सर आमच्या दोघींवर तुटून पडले. मी त्यांच्यापेक्षा जोरात ओरडले, "ती आखूड म्हणाली! मी कानानं ऐकलं!" सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझंच चुकलं."

मला त्याचाच राग आला. ती भांडली असती, तू बहिरी आहेस म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या घरी जसा 'जाते' शब्द नव्हता, तसा 'नाही'ही नसावा. युनिव्हर्सिटीच्या यादीत माझं नाव आलं, तिचं आलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, बिडकीनला. मांडवात तिनं मला दहा जणींतून हाक मारून पहिल्या पंगतीला बसवलं. मी जेवले.

पुढची माझी कथा फार मोठी नाही. युनिव्हर्सिटीकडून खेळले. एकदा सरावातच उडी मारून खाली आले आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज माझ्या आधी बाजूच्या पोरीनं ऐकला. ऑपरेशन झालं. चालता येत होतं, वळता येत नव्हतं, आणि गार्डला वळता आलं नाही तर तिनं घरी बसलेलं बरं. मी एक वर्ष सगळ्यांवर चिडून काढलं. मग खेळाच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, आता बजाजनगरजवळच्याच शाळेत पोरींना शिकवते. सिमेंटचं कोर्ट आहे, रिंगला जाळी नाही. पोरी मला भितात असं म्हणतात, पण सुट्टीतही येतात.

तिच्या सासरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, नवऱ्यानं हार्डवेअरचं दुकान टाकलं, दोन मुलं झाली. आम्ही फोनवर बोलायचो. फायनलचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. जिना चढताना धाप लागते म्हणायची आणि लगेच म्हणायची, "वय झालं आता आपलं." प्रत्येक फोनच्या शेवटी "ठेवते".

आणि त्या दुपारी, "येतेऽऽ". लांब.

मी लगेच उलटा फोन लावला. बंद. तिच्या नवऱ्याला लावला. वाजून वाजून थांबला. पोरींना वर्गात पिटाळलं, स्कूटी काढली आणि बिडकीनला तिच्या घरी जायला लिंक रोडनं पैठणच्या रस्त्याला लागले. मला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती. घर सोडून निघाली का ही? कुणाशी वाजलं? की त्याहून वाईट काही? कधी कुणाला नाही न म्हणणारी बाई एक दिवस काय करेल, याचा नेम नसतो. ट्रकच्या मागं अडकले की मी हॉर्न दाबून धरत होते आणि ट्रकवाल्याला ऐकू न येणाऱ्या शिव्या देत होते. एकदा वळणावर दुखरा पाय टेकवावा लागला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

घराला कुलूप. ओट्यावर तिची चप्पल नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी मिरच्या वाळत घालत होत्या.

"तिला तर संभाजीनगरला नेलं की, बाई," त्या म्हणाल्या. "काळजाचं आपरेशन हाय. आज दुपारीच हाय म्हणत व्हते. तुला नाय सांगितलं?"

"कुठल्या दवाखान्यात?"

"ते बायपासला नवं मोठं झालंय ना, त्येच."

म्हणजे मी पुन्हा चुकीच्या बाजूला. ती तिकडं आणि मी इकडं रिकाम्या जागेत. तोच रस्ता उलटा धरला. मनात एकच गोष्ट घोळत होती: तिनं मला सांगितलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, पण मला तिच्या पद्धतीनं सांगितलं होतं, आणि मी पोचले नाही तर ते ऐकलं न ऐकलं सारखंच.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. मला बघून दचकला. "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं तर शपथ घातली व्हती, कुणाला त्रास नको म्हणून."

"तिनंच," मी म्हटलं.

तेवढ्यात वॉर्डमधून स्ट्रेचर बाहेर आलं. हिरवा गाऊन, डोक्याला हिरवी टोपी, आणि स्ट्रेचरच्या टोकाबाहेर आलेले तिचे पाय. तिला पुरेल असं अंथरूण हॉस्टेलातही नव्हतं. मी लंगडत शेजारी पळायला लागले.

"कशाला आली गं?" ती म्हणाली. "पोरी सोडून आली का?"

"फोनवर काय म्हणालीस?"

"काय म्हणले?"

"लांब म्हणालीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. "ऐकू आलं व्हय तुला?"

"आलं. आता आखूड म्हण."

"मॅडम, बाजूला व्हा, आत नाही येता येत," वॉर्डबॉय म्हणाला.

"म्हण!" मी ओरडले. कोर्टवर ओरडायचे तसं. कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. एक सिस्टर तोंडावर बोट ठेवून धावत आली. दाराची दोन्ही कवाडं उघडली, स्ट्रेचर आत शिरलं, आणि आतून तिचा आवाज आला. "येते!"

दार मिटलं. मला जरा धीर आला. आखूड म्हणाली. म्हणजे येणार.

मग मी आणि तिचा नवरा बाकावर बसलो. तो मनानं सरळ माणूस, मला पाण्याची बाटली आणून दिली आणि आपणहून बोलायला लागला. "झडप खराब झालीये म्हणत्येत. आत्ता नाय, लहानपणीच. कसलासा ताप येऊन गेला व्हता, त्यानं. इतकी वर्षं तशीच चाललीय. मी डॉक्टरला म्हणलं, कॉलेजात बास्केटबॉल खेळायची ही. त्यांना खरं वाटंना. म्हणले, अशा झडपेवर पळायची म्हणजे कमालच. चार पावलं पळालं की धाप, धड शब्द पुरा निघायचा नाय तोंडातून."

तो पुढंही काही बोलत होता. मला ऐकू येईना.

जांभळट ओठ. गुडघ्यांवर टेकलेले हात. हसायला लागलेला वेळ. शेवटचा क्वार्टर. धड शब्द पुरा निघायचा नाही.

ती लांबच म्हणाली होती. रिंगकडं जात होती आणि लांबच म्हणाली होती. दम अर्ध्यात तुटला, आणि ढोलांतून माझ्यापर्यंत पोचलं ते आखूड होऊन पोचलं. मी बरोबर ऐकलं होतं आणि ती बरोबर बोलली होती. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, आणि भांडण आमच्या दोघींतल्या कुणाशीच नव्हतं. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि रडू जिथल्या तिथं थांबलं.

आत्ता दारात म्हणाली ते? ते खरंच आखूड होतं? की लांबच होतं, आणि दम पुरला नाही?

मी त्या बंद दाराकडं बघत बसले. तिचा आवाज पुन्हा पुन्हा कानात आणून बघत होते. येते. येते. शेवटी थोडी ओढ होती का? 'ते' तुटलं होतं की तिनं मुद्दाम तोडलं होतं? जितक्या वेळा आठवावं तितक्या वेळा तो वेगळा ऐकू यायचा. ज्या कानाचा मी इतका गर्व केला, त्याच्यावर माझा काडीचा भरवसा उरला नाही. शब्दानं माणूस मरत नसतो हे मला लहानपणापासून शिकवलंय. वाचतही नसतो, हे ओघानंच आलं. तरी मी तिथं बसून एका शब्दाच्या शेपटाला धरून लोंबकळत होते. तिच्या नवऱ्यानं चहा आणला, तो माझ्या हातात गार झाला. दार उघडायचं, कुणीतरी दुसऱ्याच कामाला बाहेर यायचं, आम्ही दोघं उभे राहायचो आणि पुन्हा बसायचो. असं किती वेळा झालं कोण जाणे.

खिडकीबाहेर दिवे लागल्यावर डॉक्टर बाहेर आले. झडप बसली, म्हणाले. आता शुद्धीवर यायची वाट बघू. तिचा नवरा खाली बसला तो तिथं फरशीवरच.

मला आत सोडलं ते दोन दिवसांनी, तिला साध्या वॉर्डात आणल्यावर. चेहरा सुकला होता, पण ओठ माणसाच्या ओठांसारखे दिसत होते. मी स्टूल ओढून बसले. तिनं मान माझ्याकडं वळवली. मग बारीक आवाजात म्हणाली, "तवा मी लांबच म्हणले व्हते."

इतक्या वर्षांनी.

"मला आखूड ऐकू आलं," मी म्हटलं.

"बहिरी हाय तू. पहिल्यापासून बहिरी. मी हात वर करून उभी, आन् हिचा बॉल कुठं चाललाय!" तिला खोकला आला. छातीवर उशी दाबून धरावी लागली, पण थांबायला तयार नव्हती. "आख्खी मॅच घालवली. माझं शिक्षण घालवलं. लई राग आला व्हता मला तुझा, लई."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"दमच कुठं व्हता?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. सिस्टर येऊन मलाच रागावली, पेशंटला हसवू नका म्हणून.

"आणि परवा दारात?" मी हळूच विचारलं. "ते आखूड होतं ना?"

तिनं डोळे मिटले. "तू म्हण म्हणली, म्हणून म्हणले. मला काय ठावं, कसं निघालं ते."

भेटायची वेळ संपली. मी पर्स उचलली. जन्मभर मी "जाते" म्हणत आले आहे, वडिलांसारखं, खणखणीत. त्या दिवशीही तोच शब्द म्हणायला तोंड उघडलं होतं.

"बरं, येते," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. "कोणतं?"

"आखूड गं बाई, आखूड. उद्या सकाळी डबा घेऊन."